मदत हवी आहे: करवंदीच्या जाळीतून येणाऱ्या डुकरांसाठी कोणती बंदूक, कोणतं काडतूस?

नमस्कार. मी कळव्याला राहते. माहेर मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या बाजूला. दीड एकर भात आणि वरच्या वरकस जमिनीत वरी-नाचणी. आबा गेल्या वर्षी वारले. आई गावी एकटी असते आणि शेत सोडायला तयार नाही. मी शुक्रवारी संध्याकाळी कल्याणहून एसटी पकडते आणि सोमवारी पहाटे परत येते.

आबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची एकनळी होती. वारस म्हणून परवाना माझ्या नावावर करायचा अर्ज तयार आहे (२०१६ च्या शस्त्र नियमांतला २५ वा नियम), हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही मिळालं आहे. त्याच वेळी ठासणीच्या जागी काडतुसाची बंदूक मागावी असं मनात आहे. एकदा घेतली की जन्मभर तीच, म्हणून आधी जाणत्यांना विचारते आहे.

आमचं रान असं आहे: सर्वांत वरच्या खाचराच्या बांधाला जाळी अगदी चिकटून आहे. करवंद, घाणेरी, मधूनमधून कारवी. पावसाळ्यानंतर ती इतकी माजते की दिवसासुद्धा चार हातांवरचं दिसत नाही. डुकरांनी त्यात गुडघाभर उंचीच्या वाटा पाडल्या आहेत. दसऱ्याच्या सुमाराला भाताचा दाणा भरला की ती रात्री नऊ-दहानंतर उतरतात. बॅटरीच्या उजेडात पाठ दिसते न दिसते तोच परत जाळीत. अंतर फार तर वीस-पंचवीस मीटर. मोकळ्यावर, शांतपणे नेम धरायला मिळणं जवळपास अशक्य.

ठासणी का नको, तेही सांगते. एकच बार, आणि पुन्हा भरायला आबांच्या सरावाच्या हातालाही मिनिटभर लागायचं. दमट हवेत केप (बार पेटवणारी छोटी टोपी) फुटते पण बार निघत नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे. डुक्कर जखमी होऊन जाळीत शिरलं तर हातात रिकामी नळी घेऊन उभं राहायची माझी तयारी नाही.

माझे प्रश्न:

दुनळी घ्यावी की पंप (पुढची मूठ मागे-पुढे ओढून भरायची बंदूक)? दुकानात तीस इंची नळीची दुनळी दाखवली. हातात छान बसली, पण जाळीच्या कडेला एवढी लांब नळी फिरवता येईल का?

चुलतभाऊ म्हणतो, ३१५ ची रायफल माग, ती जाळी कापत जाते. मीही अमेरिकन शिकाऱ्यांचे व्हिडिओ पाहिले. तिथे दाट झुडपांसाठी ‘ब्रश गन’ असा वेगळा प्रकारच मानतात. खालचा लिव्हर ओढून भरायची आखूड रायफल, ३०-३० किंवा ४५-७० ची जड आणि संथ गोळी. ती फांद्यांतून सरळ जाते, असं म्हणतात. यात खरं किती?

काडतूस एसजी, एलजी (दोन्ही छऱ्यांची) की बॉल (एकच मोठी गोळी)?

नवी मुंबईतले एक नातेवाईक त्यांची जुनी बेल्जियन दुनळी द्यायला तयार आहेत. जुन्या बंदुकीत काय तपासायचं?

एक विनंती. फासे लावा, करंट सोडा, गावठी स्फोटक गोळे पुरा, असं कृपा करून कोणी सुचवू नका. आमच्या वाडीत अशाच करंटच्या तारेला चिकटून एक गाभण म्हैस गेली. त्या वाटेने शाळेची पोरं जातात.

२०२४ चं भात माझ्या मनातून जात नाही. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, बंदूक ठाण्यात जमा झाली, आणि नेमकी त्याच पंधरवड्यात डुकरं उतरली. आबा आजारी असूनही तीन रात्री डबा वाजवत बांधावर बसले. तरी वरचं खाचर अर्धं लोळवलं. ते त्यांनी लावलेलं शेवटचं भात.

नेमबाज_ऐरोली:

ताई, आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं बोलतो, कारण त्यावर बाकीचं सगळं अवलंबून आहे. जाळी कापत जाणारी गोळी जगात नाही. ३०-३० हे १८९५ चं काडतूस, ४५-७० तर १८७३ चं. तिकडच्या जंगलात त्यांचं नाव झालं ते आखूड, हलक्या, चटकन खांद्याला लागणाऱ्या रायफलींमुळे आणि जवळच्या अंतरामुळे. फांद्या रोवून, पलीकडे कागद लावून लोकांनी अनेकदा चाचण्या घेतल्या आहेत. हलकी वेगवान असो की जड संथ, काडीला लागली की प्रत्येक गोळी वाट सोडते. कुठली किती सोडेल हे आधी सांगता येत नाही. काडी जनावराच्या अंगाला लागून असेल तर फरक थोडा पडतो. तीच काडी दहा मीटर अलीकडे असेल तर गोळी कुठे जाईल याचा नेम नाही.

३१५ चा विचार सोडा. २४४ ग्रेनची (जवळपास सोळा ग्रॅमची) गोळी, ताकद भरपूर, पण चुकली तर किलोमीटरच्या पलीकडे जाते. तुमच्या खाचराखाली वाडी असणार. शिवाय शेतीसंरक्षणाला साध्या नळीची (आतून गुळगुळीत, रायफलसारख्या खाचा नसलेली) बंदूकच शोभते. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही संरक्षणासाठी वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या साध्या नळीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे.

दुनळी की पंप, यात मी दुनळीच्या बाजूचा. पंपात काडतुसं जास्त मावतात हे खरं, पण घाबरलेल्या हातून पंप अर्धवट ओढला जातो आणि काडतूस अडकतं. दुनळी मोडली, म्हणजे बिजागरीवर उघडली, की दोन्ही नळ्या डोळ्यांना दिसतात. भरलेली की रिकामी, हा प्रश्नच उरत नाही. अंधारात, घरी परतताना याचं मोल फार आहे. पंपात काडतूस भरणारी यंत्रणा नळीच्या मागे असते, त्यामुळे तेवढ्याच नळीची दुनळी एकूण लांबीला आखूड पडते. अठ्ठावीस इंची मिळाली तर बघा, नाहीतर तीसही चालेल. दस्ता मात्र तुमच्या हाताच्या मापाचा करून घ्या. दुकानातल्या बंदुका उंच पुरुषांच्या मापाच्या असतात. लांब दस्ता काखेत अडकतो आणि नेम चुकतो. परवानाधारक कारागिराकडून अर्धा-पाऊण इंच कमी करून घेता येतो.

शिवार_शहापूर:

माझ्याकडे बारा बोअरची दुनळी आहे, आणि तुमच्यासारखंच रान. काडतुसाचं सांगतो. आपल्याकडे मिळणाऱ्या एसजीत नऊ छरे, एलजीत सहा मोठे. एसजीचा एक छरा साडेतीन ग्रॅमच्या आसपास, एलजीचा पावणेपाच. छरे मीटरमागे अडीच-तीन सेंटीमीटर पसरतात असं धरा. म्हणजे वीस मीटरवर अर्ध्या मीटरहून मोठं वर्तुळ. त्यात जाळी आली की निम्मे छरे काड्याच खातात. मोठ्या नराच्या खांद्यावर जाड कवच असतं, त्यावर एक-दोन छऱ्यांनी काही होत नाही. तो जखमी होतो आणि मग माणसावर येतो. माझा नियम असा की पंधरा मीटरपर्यंत एलजी, त्यापुढे बॉल, आणि पंचवीसच्या पुढे बार नाहीच. एका नळीत एलजी, दुसरीत बॉल. कुठल्या चापाला कुठली नळी, हे दिवसा रिकाम्या बंदुकीवर शंभरदा घोटवा.

बॉल म्हणजे जवळपास अठ्ठावीस ग्रॅमचं एकच शिसं. पण ते मोकळ्या नळीतूनच झाडावं. ज्या नळीचं तोंड आवळलेलं आहे, म्हणजे फुल चोक, तिच्यात जुन्या पद्धतीचा गोल बॉल कधीच घालू नये. तुमच्या बेल्जियन दुनळीची डावी नळी बहुतेक तशीच निघेल.

आणि तिच्या घराची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेची, लांबी तपासल्याशिवाय एकही बार काढू नका. जुन्या विलायती बंदुकांचं घर अडीच इंची असतं, म्हणजे ६५ मिलिमीटर. आताची काडतुसं पावणेतीन इंची, ७० मिलिमीटर. अवघड गोष्ट ही की ७० चं काडतूस ६५ च्या घरात सहज बसतं. पण बार झाल्यावर त्याचं तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. नळ्यांच्या खाली, मोडल्यावर दिसणाऱ्या सपाट भागावर शिक्के असतात, ते परवानाधारक कारागिराला दाखवा. नळीला खड्डे आहेत का आणि मोडण्याच्या जागी खेळ आला आहे का, हेही तोच सांगेल.

जुना_वनरक्षक:

ताई, तुमच्या आबांचं वाचून वाईट वाटलं. मी नोकरीत असताना असे डबे वाजवणारे पुष्कळ म्हातारे पाहिले.

परवाना असला तरी डुक्कर मारायची परवानगी वेगळी लागते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आलं आहे. उभ्या पिकाचं नुकसान दाखवून त्याच कायद्याच्या ११ व्या कलमाखाली लेखी परवानगी घ्या. अर्ज वनक्षेत्रपालांकडे. सातबारा, नुकसानीचे फोटो आणि परवान्याची प्रत जोडा, पोच घ्या. मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता असतं. मांस वाटलं तर गुन्हा तुमच्यावर. आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला ३४ व्या कलमाखाली नाव नोंदवावं लागतं, आणि तिथे नवीन परवान्याला मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती लागते. मुरबाडच्या काही गावांना भीमाशंकर जवळ आहे. अंतर आधीच मोजून घ्या, नाहीतर अर्ज तिथेच अडकेल.

आता बंदुकीपलीकडचं. तुम्ही जाळीतून मारायची बंदूक शोधताय. मी म्हणेन, जाळीच मागे सारा. बांधालगतची जाळी तुमच्या सातबाऱ्यात असेल तर दसऱ्याआधी दहा-बारा मीटरचा पट्टा साफ करून घ्या. वनखात्याची हद्द असेल तर मात्र कोयता लावू नका. मग खाचराच्या कडेला आठ-नऊ फूट उंच माळा (राखणीला बसायचा मचाण) बांधा. डुक्कर जाळीतून निघून भातात शिरेपर्यंत तो मोकळा पट्टा त्याला ओलांडावाच लागतो, आणि तेवढा वेळ तुम्हाला पुरतो. माळ्यावरून बार खाली, जमिनीत जातो. हे सगळ्यात महत्त्वाचं. २०२५ च्या सुरुवातीला मनोरच्या बाजूला शिकारीला गेलेल्यांतल्याच एकाचा, डुक्कर समजून झाडलेल्या गोळीने जीव गेला. जाळी हलली म्हणून चाप ओढायचा नाही. अख्खं जनावर दिसलं पाहिजे, आणि त्याच्या मागे मातीच आहे हे ठाऊक पाहिजे.

मूळ प्रश्नकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा प्रतिसाद मी आईला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, आबा तरणे असताना तिथे माळा होताच. खांबांचे खड्डे अजून दिसतात. जाळी तेव्हा ओढ्यापलीकडे होती. गुरं कमी झाली, चराई थांबली आणि ती बांधापर्यंत आली. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

ठरवलं ते असं: ३१५ नाही, पंप नाही. अर्ज बारा बोअर दुनळीसाठी. शनिवारी तलाठ्यांकडून जाळीची जागा सातबाऱ्यात कुठपर्यंत आहे ते बघते, आणि अभयारण्याचं अंतर वनविभागाकडून लेखी घेते. माळ्यावर मी एकटी बसणार नाही. शेजारचा दादा बॅटरी धरायला येतो म्हणाला आहे. तो बार होईपर्यंत माझ्या मागेच बसेल, हे त्याच्याशी बोलून घेतलं.

शहापूरचे दादा, बेल्जियन दुनळीचे फोटो नातेवाइकांनी पाठवले. नळ्यांखाली एका शिक्क्यात ‘६५’ स्पष्ट वाचता येतं आहे, म्हणजे तुम्ही म्हणालात तेच. बंदूक देखणी आहे, पण मी त्यांना नको म्हणून कळवलं. आता फक्त एक सांगा. दस्ता कमी करणारा, परवाना असलेला चांगला कारागीर ठाणे किंवा कल्याण बाजूला कोणाला माहीत आहे का? नाव इथे नको, व्यक्तिगत निरोपात कळवा.