शेजारी देशाकडून इंटरनेट घेतल्याने खरंच फरक पडतो का?

नाशिककर_पूर्वेकडे

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून धागा काढतोय.

मी बँकेत होतो, 2014 ते 2018 त्रिपुरात पोस्टिंग होती, आगरतळ्याच्या पुढे सीमेलगतच्या एका छोट्या गावात शाखा. सकाळी शटर उघडायच्या आधी बाहेर पन्नास-साठ माणसं उभी, पेन्शनवाल्या म्हाताऱ्या, रोजगार हमीचे पैसे काढायला डोंगरातून चालत आलेले लोक, आणि आत आम्ही बघतोय तर लिंक नाही. कधी अर्धा तास, कधी अख्खा दिवस. प्रोव्हायडरला फोन केला की सांगायचे, वरती दरड आलीय नाहीतर रस्त्याचं काम चाललंय, फायबर कट झालाय. हा कट कुठे तर शेकडो किलोमीटर लांब आसामात किंवा त्याच्याही पलीकडे, कारण आमची लाईन सगळा वळसा घालून सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्यातून उरलेल्या भारतात यायची. आणि आमच्या शाखेच्या गच्चीवरून बांगलादेशातली भाताची शेतं दिसायची. म्हातारीला "आजी उद्या या" सांगताना फार वाईट वाटायचं, तिचा दिवसाचा रोज बुडालेला असायचा.

मग 2016 च्या मार्चमध्ये बातमी आली की बांगलादेशच्या कॉक्स बाजारला समुद्रातली जी केबल येते तिथून सीमेपलीकडच्या आखौरामार्गे आगरतळ्याला 10 जीबीपीएस बँडविड्थ (नेट वाहून नेण्याची क्षमता) मिळणार आणि त्याच दिवशी त्रिपुरातून बांगलादेशला 100 मेगावॉट वीज जाणार. दोन्ही पंतप्रधानांनी व्हिडिओ कॉन्फरन्सने उद्घाटन केलं, मुंबई-चेन्नईनंतर देशाचा तिसरा आंतरराष्ट्रीय गेटवे (बाहेरच्या जगाशी नेट जोडणारा नाका) म्हणून पेपरात मोठं छापून आलं. आम्ही शाखेत पेढे वाटले होते.

तर प्रश्न असा, अशा सहकार्याने नेट खरोखर वाढतं का आणि टिकतं का? आमच्या शाखेत लिंक जायचं नंतर कमी झालं पण बंद नाही झालं. नेपाळ, भूतान यांना तर समुद्रच नाही, ते कसं भागवतात? आता भाच्याला आगरतळ्यात नोकरी लागलीय, घरून काम असणार आहे, तो रोज विचारतोय. जाणकारांनी जरा सोप्या भाषेत सांगा.

खाडीकाठ

छान धागा दादा. मी मुंबईत नेटवर्कच्या कामात आहे, वीसेक वर्षं झाली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे 10 जीबीपीएस हा आकडा ऐकायला मोठा वाटतो पण हिशोब करा, एका वेळी हजार जणांनी 10 एमबीपीएस वापरलं की संपलं. त्रिपुराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 36 लाखांच्या वर होती. म्हणजे तेवढ्याने राज्याची भूक भागणार नव्हतीच, त्या लिंकची खरी किंमत होती ती दुसरी वाट म्हणून. एक तार पूर्वेकडून सिलिगुडीला, दुसरी दक्षिणेला थेट समुद्राकडे. एक तुटली की दुसरीवर ट्रॅफिक वळवायचा. तुमच्या शाखेत कटचं प्रमाण कमी झालं पण थांबलं नाही म्हणता, त्याचंही उत्तर बहुतेक इथेच आहे. दुसरी वाट आगरतळ्यापर्यंत आली, आगरतळा ते तुमची शाखा हा शेवटचा तुकडा एकपदरीच राहिला असणार. गेटवे कितीही आणा, तालुक्यापर्यंतची तार खांबावरून लोंबकळत असेल तर गावात काही पोचत नाही.

दुसरं, अंतर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटर जाऊन यायला 10 मिलिसेकंद. पेन्शन काढायला त्याने काही बिघडत नाही पण व्हिडिओ कॉलला, शेअरच्या सौद्यांना, हल्ली ऑनलाइन परीक्षांना बिघडतं. आणि दोन शेजारी देशांचा एकमेकांशी थेट जोड नसला की मेसेज पलीकडच्या गावाला जाताना आधी सिंगापूरला जाऊन येतो. म्हणून इंटरनेट एक्स्चेंज लागतात, जिथे कंपन्या आपापला ट्रॅफिक तिथल्या तिथे अदलाबदल करतात. नेपाळने स्वतःचं एक्स्चेंज 2002 सालीच काढलं, आपलं निक्सी 2003 चं, बांगलादेशचं 2004 चं. घराघरातली एक्स्चेंज आहेत, शेजारी-शेजारी मिळून नीट जोडलेली नाहीत, मला विचाराल तर सगळ्यात स्वस्तात होणारं आणि सगळ्यात दुर्लक्षित काम हेच आहे.

आणि समुद्राची केबल म्हणजे अमरपट्टा नव्हे. 2008 च्या जानेवारीत इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या तेव्हा इकडे आपल्या ऑफिसमध्ये हाहाकार उडाला होता, मी तीन रात्री घरी गेलो नव्हतो. गेल्या सप्टेंबरात, म्हणजे 2025 ला, जेद्दाहजवळ परत दोन केबल तुटल्या, भारत आणि पाकिस्तान दोघांनाही एकदमच फटका. तिथे सीमा वगैरे काही नसते.

गलाईवाला

नेपाळचं मी सांगतो. आम्ही सांगली जिल्ह्यातले, विट्याकडचे, घरचा गलाईचा धंदा, माझे मोठे काका पंचवीस वर्षं काठमांडूत आहेत. सोनं गाळायचं काम म्हणजे मिनिटामिनिटाला भाव बघावा लागतो, पूर्वी काका मुंबईला ट्रंक कॉल लावायचे, आता सगळं फोनवर.

नेपाळचं नेट बहुतेक भारतातूनच येतं, भैरहवा, बीरगंज, विराटनगर या नाक्यांवरून. 2018 च्या जानेवारीत त्यांनी चीनच्या बाजूने रसुवागढीवरून दुसरी लाईन घेतली, सुरुवातीला दीड जीबीपीएस. लोकांना वाटलं आता सुटलो. पण ती वाट हिमालयातून येते, 2015 च्या भूकंपाने तिकडचे रस्ते उखडलेले आणि 2025 च्या जुलैत रसुवागढीला पूर आला त्यात सीमेवरचा मितेरी पूलच वाहून गेला. म्हणजे दुसरी वाट हवीच, पण ती कुठून जाते हेही बघायला हवं.

आणि एक गोष्ट, 2024 च्या मे महिन्यात काठमांडूत नेट गेलं ते दरडीमुळे नाही, उधारीमुळे. तिथल्या कंपन्यांना भारतातल्या पुरवठादारांना परकीय चलनात बिल भरायचं असतं, त्याला सरकारची परवानगी लागते, सरकारशी त्यांचा कर-रॉयल्टीवरून वाद चालू होता म्हणून परवानगी अडकली, बिल थकलं, वरून लाईन बंद. काही तास अर्धा देश बसून. काकांनी त्या दिवशी दुकान बंदच ठेवलं, भावच कळेना तर सोनं घेणार कसं. तार शाबूत होती, दोन्ही देशांचं भांडणही नव्हतं, एका टेबलावरचा कागद दुसऱ्या टेबलावर गेला नाही एवढंच कारण. मला वाटतं सहकार्य म्हटलं की आपण उद्घाटनाचे फोटो बघतो, खरं सहकार्य म्हणजे बिल कुठल्या चलनात, किती दिवसात, थकलं तर लाईन तोडायच्या आधी किती मुदत, हे आधी लिहून ठेवणं.

आजोबा_दूरसंचार

मी खात्यात 34 वर्षं काढली, मायक्रोवेव्हचे टॉवर चढलो आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो, कृपया राग मानू नये.

शेजाऱ्यावर विसंबणं किती शहाणपणाचं हा प्रश्न दोन्हीकडे विचारला जातो आणि विचारायलाच हवा. 2024 च्या डिसेंबरात बांगलादेशच्या दूरसंचार नियामकाने आखौरामार्गे आपल्या ईशान्येला बँडविड्थ नेण्याचा ट्रान्झिटचा (त्यांच्या हद्दीतून वाट देण्याचा) प्रस्ताव बाजूला ठेवला. त्यांचं म्हणणं, याने भारतच या भागाचा मोठा हब होईल आणि आमची संधी जाईल. त्यांच्या जागी बसून बघितलं तर मुद्दा अगदीच चुकीचा नाही. त्यांच्याकडे कॉक्स बाजारला 2006 पासून एकच समुद्री केबल होती, दुसरी कुआकाट्याला 2017 साली आली. मधल्या काळात ती एकच केबल बिघडली की देश अंधारात, म्हणून 2012 साली त्यांनी सहा कंपन्यांना जमिनीवरून केबल आणायचे परवाने दिले आणि ती बँडविड्थ आली कुठून तर बेनापोलच्या सीमानाक्यामार्गे भारतातून. म्हणजे नाशिककर, तुमच्या त्रिपुराला ते देत होते तेव्हा पश्चिमेकडून आपण त्यांना देत होतो, आणि देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी असते तेव्हाच ती टिकते. एकाच बाजूने वाहायला लागलं की समोरच्याला ते ओझं वाटतं, आणि सरकार बदललं की पहिली कात्री तिथे लागते.

भूतानचं उदाहरण बघा. त्यांचे दोन नाके, फुन्शोलिंग आणि गेलेफू. नकाशावर दोन वाटा दिसतात पण पुढे दोन्ही सिलिगुडीच्या पट्ट्यातूनच जातात, जो अरुंद ठिकाणी वीस-बावीस किलोमीटरच आहे. म्हणून बिचारे किती वर्षं तिसरी वाट मागत होते. ती आपणच द्यायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे, लहान शेजारी आपल्या भरवशावर आहे म्हटल्यावर जबाबदारी मोठ्याची.

सह्याद्रीची_लेक

मला यातलं फार कळत नाही, पण मग उपग्रह का नाही? आपण 2017 मध्ये साऊथ एशिया सॅटेलाइट सोडला ना, शेजाऱ्यांसाठी भेट म्हणून?

खाडीकाठ

ताई, प्रश्न बरोबर आहे. 5 मे 2017 ला श्रीहरिकोटाहून जीसॅट-9 गेला, पाकिस्तान बाहेर राहिला, बाकी अफगाणिस्तान, बांगलादेश, भूतान, नेपाळ, मालदीव, श्रीलंका सामील झाले. चांगलंच काम झालं. पण तो 36 हजार किलोमीटरवर आहे, तुमचा प्रश्न वर जाऊन खाली आणि उत्तर परत तसंच येईपर्यंत जवळजवळ अर्धा सेकंद जातो, आणि त्याच्यावर ट्रान्सपॉन्डर (सिग्नल घेऊन परत पाठवणारी यंत्रं) 12. टेलिमेडिसिन, पूर-भूकंपाच्या वेळचा संपर्क, जिथे तार पोचणारच नाही अशी गावं, याला उत्तम. अख्ख्या शहराचं नेट त्यावर चालणार नाही. बँकेच्या व्हीसॅटचा (छोट्या उपग्रह-डिशचा) अनुभव नाशिककर दादांना असेलच.

कंपालाकर

उशिरा येतोय. मी 2008 पासून युगांडात, मूळचा सोलापूरचा. इथेही समुद्र नाही, मोम्बासा हजार-बाराशे किलोमीटर लांब. मी आलो तेव्हा नेट म्हणजे उपग्रहाची डिश, घरी फोटो पाठवायचा तर रात्री लावून झोपायचं. 2009 मध्ये पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याला समुद्री केबल लागल्या, पुढच्या वर्षी आणखी एक, आणि मग केनियातून जमिनीवरच्या फायबरने ते इकडे आलं. आईशी पहिल्यांदा व्हिडिओवर बोललो तो दिवस अजून आठवतो, ती सारखी स्क्रीनला हात लावत होती.

गंमत म्हणजे नुसती केबल आली तेव्हा भाव लगेच पडले नाहीत, सीमेपर्यंत एकाच कंपनीची तार असली की ती म्हणेल तो दर. जसजशा जास्त कंपन्या सीमेवर आल्या, टांझानियाकडूनही वाट झाली, तसतसं स्वस्त होत गेलं. आणि 2014-15 च्या सुमारास केनिया, युगांडा, रवांडा यांनी मिळून आपसातलं रोमिंग स्वस्त केलं, त्याचा ट्रकवाल्यांना आणि सीमेवर भाजी विकणाऱ्या बायकांना जेवढा उपयोग झाला तेवढा इतर कशाचाच झालेला मी बघितला नाही. आपल्याकडे आगरतळ्याचा माणूस आखौऱ्याला गेला तर त्याचा फोन चालू राहावा आणि खिसा कापला जाऊ नये, इथपासून का सुरुवात करू नये?

नाशिककर_पूर्वेकडे

सगळ्यांचे मनापासून आभार. आजोबा, राग कसला, देवाणघेवाणीचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता, आम्ही नुसतं "आपल्याला मिळालं" म्हणून पेढे खाल्ले. आणि गलाईवाले भाऊ, तुमच्या काकांचं दुकान वाचून मला माझी शाखाच आठवली.

भाच्याला काल फोन केला. त्याने दोन कंपन्यांची कनेक्शन घ्यायचं ठरवलंय, म्हणाला मामा आता काळजी नाही.

खाडीकाठ

दादा, त्याला सांगा घ्यायच्या आधी दोघांनाही विचार, तुमची फायबर कुठल्या रस्त्याने येते. दोन कंपन्या आणि चर एकच असेल तर एका जेसीबीने दोन्ही जातात. शक्य झालं तर एक जमिनीखालची घे आणि एक टॉवरवरची.

नाशिककर_पूर्वेकडे

विचारलं त्याने. दोन्ही एकाच चरातून आहेत. एक रद्द करून टॉवरवालं घेतोय.