नव्या मंगळयानाची पहिली छायाचित्रं: हॉल कधी धरायचा, चित्रात काय दिसेल, छपाई किती मोठी करायची?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. नासाच्या एस्केपेड मोहिमेची जुळी यानं, ब्लू आणि गोल्ड, १३ नोव्हेंबर २०२५ ला निघाली आहेत. ठरल्याप्रमाणे ती सप्टेंबर २०२७ मध्ये मंगळाच्या कक्षेत शिरतील. त्या निमित्तानं नाशिकमध्ये आठवी ते दहावीच्या मुलांसाठी कार्यक्रम करायचा आहे. गंगापूर रोडला दीडशे खुर्च्यांचा हॉल, प्रोजेक्टर, आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये आठ-दहा छापील चित्रं, असा बेत आहे. हॉलची तारीख बरीच आधी द्यावी लागते, म्हणून आताच विचारतोय.

यान कक्षेत गेल्यावर पहिलं छायाचित्र किती दिवसांत येतं? त्यात मुलांना नेमकं काय ओळखता येईल? आणि ते किती मोठं छापलं तर फाटल्यासारखं दिसणार नाही? "सुंदर फोटो येतील" एवढं मोघम उत्तर नको, आकडे हवेत.

अंजनेरी

पहिली गोष्ट, यान कक्षेत शिरतं त्या दिवसाची तारीख कार्यक्रमासाठी धरू नका. त्या दिवशी इंजिन पेटवून वेग कमी करायचा असतो. सगळं लक्ष इंधन, यानाचं तोंड कुठे आहे आणि अँटेना पृथ्वीकडे कधी वळणार यांवर असतं. कॅमेऱ्याची पाळी नंतर येते, आणि किती नंतर ते कक्षेवर ठरतं.

आपलं मंगलयान २४ सप्टेंबर २०१४ ला सकाळी कक्षेत गेलं आणि दुसऱ्याच दिवशी, २५ तारखेला, पहिलं छायाचित्र प्रसिद्ध झालं. हे जमलं कारण त्याची कक्षा आणखी लहान करायची नव्हती. जवळचं टोक सुमारे ४२२ किलोमीटर, दूरचं सुमारे ७७ हजार. आल्या आल्या ते कामाला लागू शकत होतं. अमिरातीचं होप ९ फेब्रुवारी २०२१ ला पोचलं, १० ला छायाचित्र घेतलं, १४ ला जगाला दाखवलं.

याच्या उलट नासाचं मार्स रिकनेसन्स ऑर्बिटर. कक्षेत शिरलं १० मार्च २००६ ला, त्यावरच्या हायराइज कॅमेऱ्याची पहिली चाचणी छायाचित्रं २४ मार्चला. मग पुढचे पाचेक महिने यान वातावरणाच्या वरच्या थरात घासत घासत कक्षा लहान करत होतं. खऱ्या कामाच्या उंचीवरून पहिलं छायाचित्र आलं ते सप्टेंबरच्या शेवटी. युरोपचं ट्रेस गॅस ऑर्बिटर तर १९ ऑक्टोबर २०१६ ला पोचलं, नोव्हेंबरात चाचणीची छायाचित्रं दिली, आणि कामाच्या कक्षेतलं पहिलं छायाचित्र यायला एप्रिल २०१८ उजाडला. म्हणजे "पहिलं छायाचित्र" दोन प्रकारचं असतं. एक चाचणीचं, एक कामाचं. पत्रिकेवर कुठलं ते लिहा.

आता नाशिकची बाजू. ११ सप्टेंबर २०२७ ला रामकुंडावर सिंहस्थाचं तिसरं अमृतस्नान आहे, दुसऱ्या दिवशी त्र्यंबकेश्वरला. त्याच पंधरवड्यात गणपती. रस्ते बंद, शाळांच्या बस निघणं अवघड, हॉलही मिळणार नाहीत. ऑक्टोबरचा दुसरा किंवा तिसरा शनिवार धरा, सहामाही परीक्षेचं वेळापत्रक बघून. तोवर पहिल्या प्रकारचं छायाचित्र हातात असायची शक्यताही बरीच वाढते.

सूक्ष्मकोन

अंजनेरींच्या तारखेला माझी संमती, पण आधी एक सांगायला हवं. एस्केपेड हे छायाचित्रांसाठी पाठवलेलं यान नाही. मंगळाभोवतीचं चुंबकीय क्षेत्र आणि सौरवाऱ्याचा, म्हणजे सूर्याकडून वाहत येणाऱ्या विद्युतभारित कणांचा, त्याच्या वातावरणावर होणारा मारा दोन जागांवरून एकाच वेळी मोजायचा, हे त्याचं काम. सोबत दृश्य आणि अवरक्त प्रकाशाचे छोटे कॅमेरे आहेत, ते नॉर्दर्न अॅरिझोना विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी बांधलेले. मुलांना हे सांगण्यासारखं आहेच. पण दऱ्या-खळग्यांच्या बारकाव्याचं आश्वासन देऊ नका. नव्या छायाचित्राशेजारी जुन्या मोहिमांची "पहिली छायाचित्रं" लावा, म्हणजे कार्यक्रम एका फाइलच्या भरवशावर राहणार नाही.

काय दिसेल याचं गणित एका ओळीचं आहे. उंचीला कॅमेऱ्याच्या चिपवरच्या पिक्सेलच्या रुंदीनं गुणायचं आणि नाभीय अंतरानं, म्हणजे कॅमेऱ्याच्या फोकल लेंग्थनं, भागायचं. हायराइजचं नाभीय अंतर १२ मीटर, पिक्सेल १२ मायक्रोमीटरचा. भागाकार नेमका दहा लाखात एक. म्हणून ३०० किलोमीटरवरून एक पिक्सेल ३० सेंटिमीटरचा. मार्च २००६ मध्ये यान २,४८९ किलोमीटरवर होतं, म्हणून त्याच कॅमेऱ्यातून पिक्सेल २.४९ मीटरचा झाला. कॅमेरा तोच, आरसा तोच, आठपट फरक फक्त उंचीचा. पहिली छायाचित्रं पुढच्यांपेक्षा ढोबळ दिसतात त्याचं मोठं कारण हेच, कॅमेरा बिघडलेला नसतो. मंगलयानाचं सुरुवातीचं छायाचित्र ७,३०० किलोमीटरवरून, पिक्सेल ३७६ मीटरचा.

हे आकडे मुलांच्या डोक्यात बसवायला लोणार वापरा. रुंदी सुमारे १.८ किलोमीटर, आणि आपल्याच काळ्या बसाल्टमध्ये झालेलं आघात विवर, त्यामुळे तुलना चपखल. ३७६ मीटरच्या पिक्सेलमध्ये लोणार जेमतेम पाच पिक्सेलचं, म्हणजे एक ठिपका. ट्रेस गॅस ऑर्बिटरच्या कॅमेऱ्यात, साडेचार मीटरला एक पिक्सेल या हिशोबानं, चारशे पिक्सेलचं. तिथे काठ, आतला उतार, तळ सगळं वेगळं दिसेल. हायराइजमध्ये सहा हजार पिक्सेल, काठावरचा मोठा धोंडासुद्धा मोजता येईल. एकच विवर तीन चौकटींत काढून शेजारी शेजारी लावा. पाच ठिपक्यांची पहिली चौकट मुद्दाम मोठी छापा, मुलं तिच्यासमोरच सगळ्यात जास्त वेळ थांबतील.

अजून एक सावधगिरी, धुळीची. मरिनर ९ हे १४ नोव्हेंबर १९७१ ला पोचलं तेव्हा सगळा ग्रह वादळानं झाकलेला होता. ज्वालामुखींचे माथे तेवढे ठिपक्यांसारखे वर. नीट छायाचित्रणाला जानेवारी १९७२ उजाडला. सप्टेंबर २०२७ मध्ये मंगळावर धुळीचा हंगाम सुरू व्हायच्या बेतात असेल. तेव्हा फिकट, सपाट छायाचित्र आलं तरी ते खरंच तसं असू शकतं.

गोदाकाठ

फार उपयोगाचं, दोघांचेही आभार. लोणारच्या तीन चौकटी नक्की करतो. सरावासाठी हायराइजची मूळ फाइल उतरवून घेतली, पण टिफमध्ये बदलल्यावर चित्र पूर्ण काळं दिसतंय. फाइल खराब आहे का? आणि एका छायाचित्रात खड्डे उलटे, टेकड्यांसारखे दिसतात, तेही कळलं नाही.

पट्टीवाला

फाइल ठीक आहे. हायराइजची तयार फाइल १० बिटची असते, म्हणजे आकडे ० ते १०२३. टिफ १६ बिटचं झालं की साधा फोटो दाखवणारा प्रोग्राम ६५,५३५ ला पांढरं समजतो. १०२३ म्हणजे त्याच्या दृष्टीनं दीड टक्का उजेड, म्हणून काळं. उपाय असा: क्यूजीआयएस हा नकाशांचा मोफत प्रोग्राम उघडा, मूळ जेपी२ फाइलच आत ओढून टाका, थराच्या सिम्बॉलॉजीत जाऊन क्युम्युलेटिव्ह काउंट कट निवडा आणि २ ते ९८ टक्के ठेवा. चित्र उजळेल. मग हवा तेवढाच चौकोन निवडून निर्यात करा, आणि निर्यात करताना "रेंडर्ड इमेज" निवडा, "रॉ डेटा" नाही. रॉ निवडलंत तर पुन्हा काळंच येईल.

अख्खी फाइल गिम्पसारख्या फोटो सुधारायच्या प्रोग्राममध्ये उघडायचा प्रयत्न करू नका. २०,००० गुणिले ४०,००० म्हणजे ८० कोटी पिक्सेल. ८ जीबी रॅमचा लॅपटॉप तिथेच बसतो. नुसतं बघायचं असेल तर हायव्ह्यू हा मोफत प्रोग्राम फाइलचा पडद्यापुरता भागच वाचतो.

खड्ड्यांचं उत्तर उजेडाच्या दिशेत आहे. आपला मेंदू उजेड वरून येतो असं धरून चालतो. मार्स रिकनेसन्स ऑर्बिटर मंगळावरच्या दुपारी तीनच्या सुमारास छायाचित्र घेतं. उत्तर वर ठेवली की ऊन डावीकडून, पश्चिमेकडून पडतं. पण २४ मार्च २००६ ची चाचणी छायाचित्रं सकाळची होती, तिथे ऊन उजवीकडून. चित्र फिरवून ऊन वरच्या डाव्या कोपऱ्यातून येईल असं करा, खड्डा खड्डाच दिसेल. मात्र फिरवलंत तर उत्तरेचा बाण चित्रावर काढाच.

नव्या यानाच्या पहिल्या छायाचित्रात काही खुणा कॅमेऱ्याच्या असतात, मंगळाच्या नव्हेत. त्या ओळखून ठेवा. मंगलयानाच्या कॅमेऱ्यासारख्या २०४८ बाय २०४८ च्या एकसंध चिपवर लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांची बुद्धिबळाच्या पटासारखी जाळी असते. रंग शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजानं भरले जातात. चारशे टक्के मोठं करून ग्रहाच्या कडेला बघा. काळ्या आकाशाला लागून एक-दोन पिक्सेल रुंदीची जांभळी-हिरवी झालर दिसते. ते वातावरण नाही.

हायराइज वेगळ्या जातीचा. झेरॉक्स मशीनमधल्या दिव्याच्या पट्टीसारखं तो एक एक ओळ वाचत जातो, पुढे सरकायचं काम यान करतं. ३०० किलोमीटर उंचीवर खालची जमीन सेकंदाला तीन-साडेतीन किलोमीटरनं मागे पळते. ३० सेंटिमीटरची ओळ सेकंदाच्या दहा-अकरा हजाराव्या भागात निघून जाते. एवढ्यात प्रकाश पुरत नाही, म्हणून त्याच जागेचा प्रकाश १२८ ओळींपर्यंत साठवत नेतात. साठवणीचा वेग जमिनीच्या वेगाशी जरा चुकला किंवा यान किंचित तिरकं राहिलं, की चित्र एकाच दिशेला ओघळल्यासारखं होतं. सगळीकडे सारखी अस्पष्टता असेल तर फोकस किंवा धूळ, एकाच दिशेला असेल तर वेग. चाचणीची छायाचित्रं घेतात ती हेच पकडायला. आणि लांबच्या लांब सरळ काळा पट्टा दिसला तर एखादी चिप बंद आहे. हायराइजच्या रंगीत पट्ट्यात २०२३ नंतर असंच झालंय, मधली लाल चिप गेल्यामुळे.

छापखाना गल्ली

छपाईपुरतं सांगतो. २०४८ पिक्सेलचं चित्र दोन फूट रुंद छापलं तर एक ठिपका ०.३ मिलिमीटरचा होतो. निरोगी डोळ्याला एक मीटरवरून तेवढंच वेगळं दिसतं. सहा फुटांना ठिपका ०.९ मिलिमीटर, त्यासाठी तीन मीटर मागं उभं राहावं लागेल. थोडक्यात, २०४८ पिक्सेलला जितके फूट रुंदी, त्याच्या निम्मे मीटर अंतर. तुमचा पॅसेज दीड मीटरचा असेल तर तीन फुटांपलीकडे जाऊ नका.

फ्लेक्स नको. मंगळाचा गेरूसारखा रंग फ्लेक्सवर विटकरी होतो आणि आकाशाचा काळा राखाडी. सनबोर्डवर मॅट व्हिनाइल चिकटवून घ्या. ग्लॉसी घेतलं तर पॅसेजमधल्या ट्यूबलाइटची रेघ बरोबर ग्रहाच्या मध्यावर दिसते. सगळी चित्रं छापायच्या आधी ए४ आकाराचा एक तुकडा काढून दिवसाच्या उजेडात बघा. फाइल पेन ड्राइव्हवर द्या. व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून पाठवली की ती पिक्सेल कमी करून टाकते, आणि वरचं सगळं गणित चुकतं.

प्रत्येक चित्राखाली तीन आकडे हवेतच: तारीख, उंची, पिक्सेलचा आकार. मूळ प्रसिद्धीपत्रकात सहसा तिन्ही असतात. एखाद्या "पहिल्या फोटोत" एकही नसेल तर ते चित्रकारानं काढलेलं किंवा जमिनीवरच्या रोव्हरचं असू शकतं, ते लावू नका.

अंजनेरी

वेळेचं राहिलं होतं. प्रसिद्धीपत्रकावर जागतिक प्रमाणवेळ असेल तर साडेपाच तास मिळवा. कॅलिफोर्नियाची वेळ असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात साडेबारा तास. तिकडे दुपारी बाराला आलेलं छायाचित्र आपल्याकडे रात्री साडेबाराला उतरतं. शनिवारी सकाळचा कार्यक्रम असेल तर शुक्रवारी रात्री एकदा बघून ठेवा.

गोदाकाठ

ऑक्टोबर २०२७ चा तिसरा शनिवार, म्हणजे १६ तारीख, हॉलवाल्यांना कळवतो. पॅसेज मोजला, एक मीटर ऐंशी आहे, तेव्हा बोर्ड तीन फुटांचे. लोणारच्या चौकटींची पहिली ए४ प्रत निघाली की इथे टाकतो.