मदत हवी आहे: क्रश सँड धुवायला रोज 11-12 टँकर लागतात, टाकी खोल करावी का?

सारूळखडी
नमस्कार मंडळी. नाशिकजवळ सारूळच्या बाजूला खडी क्रशर आहे, त्याला जोडून क्रश सँडचं, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूचं, वॉशिंग. ताशी 40 टन कच (क्रशरमधून निघणारा बारीक माल), पंप ताशी 80 घनमीटर पाणी फिरवतो, काम दिवसाला 8 तास. 75 मायक्रॉनखालचा माल धुण्याआधी 16 टक्के, धुतल्यावर 8. पाणी 12 बाय 5 मीटरच्या, 2 मीटर खोल टाकीत बसतं आणि परत फिरतं. तरी रोज 10 हजार लिटरचे 11-12 टँकर ओततोय, आणि परत येणारं पाणी ताकासारखं दाट, राखाडी. उन्हाळ्यात बोअर आटतं. टाकी आणखी 2 मीटर खोल केली तर फरक पडेल का?

गाळपाणी
खोल करू नका, दादा. गाळ बसतो तो टाकीच्या क्षेत्रफळावर, खोलीवर नाही. तुमची टाकी 60 चौरस मीटर आणि पाणी ताशी 80 घनमीटर, म्हणजे पाणी ताशी सव्वा मीटरहून जास्त वेगाने वर चढतंय. काळ्या दगडाचा 10 मायक्रॉनचा कण स्थिर पाण्यातही ताशी जेमतेम 40 सेंटीमीटर खाली जातो. तो बसणार कसा? साधारण 18 मायक्रॉनपेक्षा बारीक सगळं पाण्याबरोबर परत पंपात. निव्वळ 10 मायक्रॉनपर्यंतचं धरायचं तरी 200 चौरस मीटर लागतील. खोली वाढवून फक्त गाळ साठवायला जागा मिळते.

आता टँकरचा हिशोब. 16 चे 8 टक्के करताना ताशी साडेतीन टन गाळ निघतो. टाकीच्या तळाचा गाळ उपसता तेव्हा त्यात घन भाग 30 टक्के धरला, तर त्याबरोबर ताशी 8 घनमीटर पाणी जातं, दिवसाला 65. वाळू निथळून 18 टक्के ओलीवर ढिगात पडत असेल तर तिच्याबरोबर आणखी 52. बेरीज करा: तुमचे 11-12 टँकर तिथेच सापडले. गळती आणि बाष्पीभवन यात धरलेलंच नाही.

म्हणून आधी गाळातलं पाणी सोडवा. फिल्टर प्रेसमधून (कापडातून गाळ दाबून पाणी काढणारं यंत्र) 20 टक्के ओलीची पोळी निघाली तर 65 चे 7 घनमीटर होतात. प्रेस परवडत नसेल तर गाळाचे दोन वाफे करा, एक भरताना दुसरा सुकतो. तळाला भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप संपकडे (पाणी गोळा करायच्या हौदाकडे) उताराने, त्यावर 20 सेंमी खडी, वर 15 सेंमी जाड वाळू. गाळ एका वेळी 30 सेंमीपेक्षा जास्त ओतू नका, नाहीतर वरची साय घट्ट होते आणि खालचं पाणी अडकून राहतं. वाळूला डीवॉटरिंग स्क्रीन (पाणी निथळवणारी थरथरती चाळण) लावून ओल 12 टक्क्यांवर आणली की आणखी 17 घनमीटर वाचतात.

सारूळखडी
गणित पटलं. पण गाळ लवकर बसावा म्हणून पॉलिमर टाकून पाहिला होता, गुठळ्याच झाल्या. आणि गाळ जुन्या बंद खाणीत सोडला तर चालेल का?

गाळपाणी
पावडर थेट टाकीत टाकली असणार. 1 किलो अॅनायॉनिक (ऋणभाराचा) पॉलिमर 1000 लिटर स्वच्छ पाण्यात, ढवळणी चालू ठेवून चाळणीने भुरभुरवा, मग तासभर मुरू द्या. मात्रा बाटलीवर ठरवा: 1 लिटरच्या चार पारदर्शक बाटल्यांत तुमचंच गढूळ पाणी घ्या, त्यात हे द्रावण 1, 2, 3, 5 मिली टाका, पाच-सहा वेळा सावकाश उलटंपालटं करा. मिनिटभरात ज्या सर्वांत कमी मात्रेत गाळाची रेघ झपाट्याने खाली येते, ती तुमची. जास्त झाला तर पाणी बुळबुळीत होतं आणि प्रेसचं कापड बुजतं. द्रावण पंपाच्या पुढे, टाकीच्या तोंडाशी सोडा. पंपातून गेलं की झालेले गोळे पुन्हा फुटतात.

बंद खाणीत गाळ मुळीच नको. आपल्या काळ्या दगडात पाणी मुरतं ते भेगांतून, आणि हा गाळ भेगा लिंपून टाकतो. शेजारच्या विहिरींचं पुनर्भरण कायमचं बंद पडेल. त्या खाणीत पावसाचं पाणी धरा: 1 हेक्टर पाणलोटावर 600 मिमी पाऊस पडून निम्मं पाणी आलं तरी 3000 घनमीटर, म्हणजे तुमचे 300 टँकर. आत येणाऱ्या चरावर गाळ अडवायला छोटा खड्डा मात्र हवाच.

ब्लॉकवाले
एक मूळ प्रश्न: सगळी कच धुवायची गरज आहे का? आयएस 383 (2016) या खडी-वाळूच्या भारतीय मानकामध्ये 75 मायक्रॉनखालचा माल क्रश सँडला 15 टक्क्यांपर्यंत चालतो. 3 टक्क्यांची मर्यादा नदीच्या वाळूची. तुमचे 16 आहेत! आधी खाणीच्या वरचा मुरूम-माती नीट काढा आणि जॉ क्रशरआधी (दगड फोडणाऱ्या पहिल्या यंत्राआधी) ग्रिझलीवर, म्हणजे जाड गजांच्या चाळणीवर, माती वेगळी करा. मग बारीक मालात चिकणमाती किती ते दाखवणारी मिथिलीन ब्लू चाचणी करून घ्या. बारीक माल नुसती दगडाची पूड असेल तर ब्लॉक-पेव्हरवाल्यांना ती हवीच असते, पोकळ्या भरते. माती असेल तरच धुणं अटळ. ज्या गिऱ्हाइकाला 8 टक्के लागतात, त्याच्यापुरतीच धुवा.

आणि परत फिरवलेलं पाणी काँक्रीटला वापरणार असाल तर आयएस 456 या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे तरंगते घन पदार्थ लिटरला 2000 मिलिग्रॅमच्या आत आणि पीएच 6 च्या खाली नको. ताकासारखं पाणी त्यात बसणार नाही.