बातोरी राजाचं नाव असलेली पोलिश तलवार, नक्की किती जुनी?

परदेशी_पाटील:
मंडळी मी पोलंडमध्ये व्रोत्सवाफला राहतो, तलवारीतलं शून्य कळतं. घरमालकीण आजींच्या माळ्यावर एक वाकडी तलवार निघाली, पात्यावर राजाचं मुकुटवालं डोकं आणि लॅटिनमध्ये स्टेफान बातोरीचं नाव, मुठीचं टोक पक्ष्याच्या डोक्यासारखं पुढे वळलेलं. म्यान नाही. आजी म्हणतात बातोरीच्या काळातली. असेल?

गंजलेलं_पातं:
नावावरून साल काढू नका, तिथेच सगळे फसतात. बातोरी पोलंडचा राजा होता १५७६ ते १५८६, पण मॉस्कोच्या झार इव्हानला नमवणारा म्हणून त्याचं नाव पोलिश सरदार मंडळी नंतरही मिरवायची, त्यामुळे त्याचा चेहरा कोरलेली पाती अठराव्या शतकातसुद्धा बनली. तिकडे त्यांना बातोरुव्का म्हणतात. पक्ष्याच्या डोक्याची मूठ म्हणजे काराबेला. आणि मूठ-पातं एकाच वयाचं असेल असंही नाही हं, आपली फिरंगी आठवा, पातं युरोपातलं, मूठ इकडची.
आजींचं घराणं मूळचं व्रोत्सवाफचंच का? १९४५ पर्यंत ते जर्मन शहर होतं म्हणून विचारतो.

परदेशी_पाटील:
नाही, युद्धानंतर ल्वूफहून, म्हणजे आताच्या युक्रेनमधल्या ल्विवहून आलेत.

गंजलेलं_पातं:
मग मजा आहे. ल्वूफला आर्मेनियन कारागीर तलवारी बनवायचे, तो एक धागा. दुसरा असा की १७७२ नंतर तो भाग पोलंडकडून ऑस्ट्रियाकडे गेला आणि एकोणिसाव्या शतकातही तिथले जमीनदार सणासमारंभाला जुना पोलिश पोशाख घालून कमरेला काराबेला लटकवायचे, त्या हौसेपायी नव्या मुठी बसल्या, अख्ख्या नव्या तलवारीही बनल्या. आता मुठीची आडवी दांडी (हात वाचवणारी) पात्याला जिथे भिडते तिथे टॉर्च मारून बघा, फट आहे का.

परदेशी_पाटील:
आहे! नखभर फट, आत काळं डांबरासारखं काहीतरी भरलंय. मुठीचे रिव्हेट मात्र चकचकीत, पण आजींनी काल पितळ घासायची पावडर लावून सगळं घासलंय.

मावळा७७:
अरेरे. आजींच्या हातातून ती पावडर आधी काढून घ्या.

गंजलेलं_पातं:
+१. आता रिव्हेटवरून काही सांगता येणार नाही. ते काळं राळ असावं, मूठ पक्की बसवायला भरतात, पण एवढी फट म्हणजे दांडी या पात्यासाठी घडवलेली नसावी. माझा अंदाज, पातं अठराव्या शतकातलं असू शकतं, मूठ नंतरची. सोळावं शतक विसरा. तुमच्याच गावात जुन्या शस्त्रागारात शस्त्रांचं म्युझियम आहे, तिथे दाखवा, ते फट बघून फोटोपेक्षा जास्त सांगतील.

परदेशी_पाटील:
दाखवतो. आजींना सोळाव्या शतकाचं कसं सांगू तेवढं सुचवा कुणीतरी.