गुडघ्याखाली उशी नका ठेवू

गुडघा बदलायच्या ऑपरेशननंतर गुडघा ९० अंशात वाकला म्हणजे काम झालं, असं इथे कोणीतरी लिहिलं. वाकायला पाहिजेच, पण पाय पुरता सरळ होणंही तेवढंच महत्त्वाचं, ते कोणी बोललंच नाही. आमच्या आईचं नागपूरले ऑपरेशन झालं, गावी आणल्यावर दुखते म्हणून आम्हीच गुडघ्याखाली उशी ठेवत होतो, तिलाही बरं वाटे, पण तपासणीला गेलो तर पाय सरळच होईना, फिजिओवाल्या मॅडम चांगल्याच रागावल्या. मग उशी बंद, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी अन् गुडघा खाली दाबून १० पर्यंत मोजायचं, दिवसातून तीन-चारदा. लय शिव्या खाल्ल्या बाप्पा तिच्या!

आता काठी घेऊन वावराच्या धुऱ्यापर्यंत जाते. कापूस वेचायला मात्र नाही, अन् संडासात खुर्ची कायमचीच.