शब्दचर्चा: नकाशावर 'दरी' कुठं, 'खोरं' कुठं?

थडीकर
कल्पित मुलखाचा नकाशा गिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये करायलोय. ए-३ कागद, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे ४९६१ × ३५०८ पिक्सेल. सॉलिड नॉईजवर (आपोआप उमटणारे ढगासारखे करडे डाग) थ्रेशोल्ड लावून (एका छटेपाशी काळं-पांढरं वेगळं करून) जमीन-समुद्र झालं, नद्याही ओढून झाल्या. अडलंय ते नावांपाशी. इंग्रजी नकाशांत जिथं तिथं 'व्हॅली' असतं. मराठीत 'दरी' लिहावं का 'खोरं'? का दोन्ही चालतात?

बालाघाटी
नाही चालत, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दरी म्हणजे दोन कड्यांमधली खोल जागा. काठावर उभं राहून खाली डोकावता येतं. खोरं म्हणजे एका नदीला जेवढ्या रानाचं पाणी येऊन मिळतं तेवढा सगळा मुलूख. त्यात सपाट काळी जमीन आली, गावं आली, आणि दऱ्याही आल्या.

बीड जिल्ह्यातला पाटोदा तालुका घ्या. मांजरा तिथंच बालाघाटात उगम पावते आणि तिचं खोरं धाराशिव, लातूर करत पार कर्नाटक-तेलंगणात जातं. त्याच तालुक्यात सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून खाली पडते, ती दरी. आता गंमत बघा. विंचरणेचं पाणी सीनेतून भीमेला जातं. म्हणजे दरी पाटोद्यातच, पण मांजराच्या खोऱ्यात नाही!

म्हणून नाव टाकण्याआधी पाणी वाटणारी डोंगरधार वेगळ्या लेयरवर (चित्राचा सुटा थर) भडक लाल रंगानं ओढा. एखादी नदी ती धार ओलांडत असेल तर नदी तरी चुकली किंवा धार तरी. दोन धारांच्या मधे जे उरतं त्याला 'खोरं' म्हणा. काम झालं की लेयर लपवा, पुसू नका. नवी नदी घालताना परत लागतो.

थडीकर
त्या धारेला भूगोलाच्या पुस्तकात 'जलविभाजक' म्हणतात. तोच लिहू का? आणि 'पाणलोट' कुठं बसतो?

दुधनाकाठ
दादा, जलविभाजक सूचीत (खुणांचे अर्थ देतात तिथं) ठीक, नकाशाच्या अंगावर नको. तिथं रांगेचंच नाव लिहायचं. 'अजिंठ्याची रांग' म्हटलं की उत्तरेचं पाणी तापीला आणि दक्षिणेचं गोदावरीला, हे त्यात आलंच. पाणलोट क्षेत्र म्हणजे पाणी गोळा होऊन येतं तो भाग. बांधबंदिस्तीच्या कामांमुळं तो शब्द ओढ्या-नाल्याएवढ्या आकाराला रुळलाय; नदीएवढ्या पसाऱ्याला खोरंच शोभतं.

खरी मेख अक्षरांत आहे. खोऱ्याचं नाव मुलूखभर पसरलेलं दिसायला पाहिजे. रोमन अक्षरं लांब-लांब मांडून ते साधतं. देवनागरीत टेक्स्ट टूलमधलं अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. त्यापेक्षा शब्द अखंड ठेवा, दोन शब्दांमधली जागा वाढवा आणि अक्षर मोठं पण फिकं घ्या.

वळणावर लिहायचं तर पाथ टूलनं नदीला समांतर, अगदी सौम्य बाकाची रेघ काढा आणि टेक्स्ट लेयरवर राइट क्लिक करून 'टेक्स्ट अलाँग पाथ' द्या. इथं बरेच जण फसतात. त्यानं अक्षरं रंगत नाहीत, फक्त नवा पाथ (बिनरंगाची आखणी) तयार होतो. त्याचं सिलेक्शन करून नव्या लेयरवर रंग भरायचा, ओपॅसिटी (रंगाचा दाटपणा) ४०-५० टक्के. बाक जास्त झाला तर वेलांट्या आणि मात्रा ताणल्या जातात. रंग भरल्यावर शब्द दुरुस्त करता येत नाही, म्हणून शुद्धलेखन आधीच तपासा. दरीचं नाव मात्र लहान, सरळ, तिच्या तोंडाशी.

रेघोट्या
नाव 'दरी' आणि चित्रात डोंगर, असंही होतं. बंप मॅप फिल्टरमध्ये (सावली देऊन उंचसखल दाखवणारं) उजेड खालून आला की डोळा फसतो. खळगा उंचवटा वाटायला लागतो. उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून येतोय असं दिसेपर्यंत अझिमथ (उजेडाच्या दिशेचा कोन) फिरवायचा. सगळ्या नकाशाला तोच कोन, नाहीतर दोन रांगा दोन वेगळ्या दिवसांच्या वाटतात.

उतारावर पायऱ्या पडल्या तर कारण ८ बिट. उंची करड्या छटांत साठते आणि तिला फक्त २५६ पातळ्या मिळतात. नॉईज टाकण्याआधीच इमेजचं प्रिसिजन (छटांची बारकाई) १६ किंवा ३२ बिट करा. नंतर बदलून पडलेल्या पायऱ्या जात नाहीत, मग गॉशियन ब्लर (पुसट करणारं फिल्टर) द्यावा लागतो. (आपल्याकडच्या बेसाल्टच्या डोंगरांना तशाही पायऱ्या असतातच. तुमचा मुलूख लाव्ह्याचा असेल तर राहू द्या.)

थडीकर
लई कामाचं. इंग्रजी 'पास'ला (डोंगर ओलांडायची वाट) 'घाट' लिहिलंय, बरोबर आहे ना?

बालाघाटी
रस्ता वळणं घेत चढत असेल तर घाट, जसा कन्नडचा औट्रम घाट. डोंगराला अरुंद फट असेल तर खिंड. नदीकाठी नुसतं 'घाट' लिहू नका, वाचणारा पैठणसारख्या दगडी पायऱ्या समजेल.

दुधनाकाठ
गावांची नावं राहिली. सगळीच नावं आगळीवेगळी ठेवली की मुलूख खोटा वाटतो. एकाच नावाची दोन गावं शेजारी ठेवा, एक बुद्रुक, एक खुर्द. दोन्ही शब्द फारसीतून आलेले. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. नकाशावर 'बु.' आणि 'खु.' एवढंच लिहा, पाटीवर असतं तसं. बुद्रुकचं अक्षर ४८ पिक्सेल घेतलं तर खुर्दचं ३८ घ्या. छापल्यावर तेवढा फरक नजरेला कळतो. डोंगराच्या रेघांवर नाव आलं तर अक्षरांचं सिलेक्शन ४ पिक्सेलनं वाढवून खालच्या लेयरवर कागदाचा रंग भरा, म्हणजे 'बु.'चा उकार रेघांत हरवत नाही.