ऑस्कर 2025: सॅगच्या निकालावरून अंदाज का बदलताय?

पिटातला_प्रेक्षक (25 फेब्रुवारी 2025)

सोमवारी सकाळी सॅगचे, म्हणजे अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेच्या पुरस्कारांचे, निकाल आले आणि दुपारपर्यंत ओळखीच्या सगळ्या सिनेमावेड्यांनी आपापल्या याद्या खोडून नव्या लिहिल्या. कलाकारसंचाचा पुरस्कार 'कॉन्क्लेव्ह'ला, अभिनेत्री 'द सबस्टन्स'ची डेमी मूर, अभिनेता टिमोथी शालामे. आता म्हणे ऑस्करलाही हेच होणार.

मला हे पटत नाही. ऑस्करचं अंतिम मतदान 11 फेब्रुवारीला सुरू झालं आणि 18 ला बंद झालं. सॅगचा सोहळा 23 चा. मूर पुरस्कार घ्यायला मंचावर चढली तेव्हा ऑस्कर देणाऱ्या अकादमीची मतं कधीच देऊन झाली होती. मतदारांच्या डोळ्यांसमोर काय होतं ते बघा ना. 8 तारखेला निर्मात्यांच्या आणि दिग्दर्शकांच्या संघटनांनी एकाच रात्री 'अनोरा'ला निवडलं, 15 ला मूळ पटकथेसाठी लेखकांनीही. 16 ला, ऐन मतदानात, ब्रिटनचे बाफ्टा पुरस्कार. तिथे सर्वोत्कृष्ट चित्रपट 'कॉन्क्लेव्ह' ठरला, पण अभिनेत्री म्हणून नाव पुकारलं गेलं ते 'अनोरा'च्या नायिकेचं, मायकी मॅडिसनचं.

तेव्हा माझी यादी अशी. चित्रपट 'अनोरा', दिग्दर्शक शॉन बेकर, मूळ पटकथाही त्याचीच. चित्रपटाच्या गटात पसंतीक्रमाने मतदान होतं हे बरेच जण विसरतात. दहाही चित्रपटांना क्रमांक द्यायचे. पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसली, तर तळाचा चित्रपट बाद करून त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे वळवतात. असं कुणी निम्म्याच्या पुढे जाईपर्यंत चालतं. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीचीही भरपूर मतं लागतात. 'द ब्रुटलिस्ट' ज्यांना आवडलाय त्यांनी तो डोक्यावर घेतलाय, पण पंधरा मिनिटांचं मध्यंतर धरून साडेतीन तासांच्या वर जाणारा सिनेमा ज्यांना झेपला नाही, ते त्याला आठव्या-नवव्या जागी टाकणार. 'एमिलिया पेरेझ'ला तब्बल 13 नामांकनं आहेत, पण त्याची नायिका कार्ला सोफिया गॅस्कॉनची जुनी वादग्रस्त ट्वीट्स बाहेर आली आणि त्याची हवाच गेली.

अभिनेता 'द ब्रुटलिस्ट'चा एड्रियन ब्रोडी. शालामे जिंकला तर या गटातला सर्वांत तरुण विजेता ठरेल. तो मान सध्या ब्रोडीकडेच आहे, 'द पियानिस्ट'साठी 2003 मध्ये मिळालेला, वय 29. सहाय्यक गटांत कीरन कल्किन आणि झोई साल्दान्या, त्यावर चर्चा नकोच, दोघांनी वाटेतलं सगळं जिंकलंय. ॲनिमेशनमध्ये मी 'फ्लो'वर ठाम आहे. ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेला, एकही संवाद नसलेला, लॅटव्हियातला मांजराचा सिनेमा.

आणि अभिनेत्री मॅडिसन. 'अनोरा'तला शेवटचा गाडीतला प्रसंग आठवा. बाहेर बर्फ, वायपरची खरखर, संगीताचा एक सूर नाही. सिनेमाभर जिच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही ती ॲनी तिथे जवळपास गप्प आहे. दोन तास तिने जे जे आवळून धरलं ते सगळं तिथे सुटतं. मतपत्रिका भरताना तोच प्रसंग डोक्यात राहतो, असं मला मनापासून वाटतं.

अडलोय फक्त आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या गटात. 'एमिलिया पेरेझ' की ब्राझीलचा 'आय ॲम स्टिल हिअर'? तुमचे अंदाज कारणांसकट सांगा.

कलमदान

तारखांचा मुद्दा मान्य, पण त्यातून निघणारा अर्थ नाही. सॅगमुळे मतं बदलत नाहीत, बरोबर. पण आधीच पडलेल्या मतांचा कल तर त्यातून कळतो? अकादमीत सगळ्यात मोठी शाखा नटांचीच आहे.

शिवाय निर्माते आणि दिग्दर्शक दोघांनी निवडलं म्हणजे काम झालं असं नाही. 'ला ला लँड'कडे दोन्ही होते, ऑस्कर 'मूनलाइट'ला. '1917'कडे दोन्ही होते, ऑस्कर 'पॅरासाइट'ला. आणि ही दोन्ही उदाहरणं पसंतीक्रमाच्या काळातली आहेत. 'कॉन्क्लेव्ह' कुणाला नकोसा वाटेल असा सिनेमाच नाही. पहिल्या जागी नसला तरी दुसऱ्या-तिसऱ्या जागी हमखास असणार. तुमच्याच नियमाने तो जिंकतो.

पिटातला_प्रेक्षक

तुमचं हे उदाहरण मी स्वतःशीही घोळवलं होतं. पण 'मूनलाइट' आणि 'पॅरासाइट' या दोघांच्याही दिग्दर्शकांना नामांकन होतं. 'कॉन्क्लेव्ह'च्या एडवर्ड बर्गरला नाही. दिग्दर्शकाच्या नामांकनाशिवाय जिंकलेले अलीकडचे तीन बघा: 'आर्गो', 'ग्रीन बुक', 'कोडा'. तिन्हींना निर्मात्यांच्या संघटनेचा पुरस्कार होता, आणि ती संघटनासुद्धा पसंतीक्रमानेच मत घेते. 'कॉन्क्लेव्ह'ला नेमका तोच मिळालेला नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीची मतं त्याच्याकडे एवढी असती तर तिथेच दिसली असती. रूपांतरित पटकथा मात्र त्यालाच जाईल, त्यात मला शंका नाही.

नटांचं म्हणाल, तर सॅगमध्ये लाखाहून जास्त सभासद मत देऊ शकतात. अकादमीचे मतदार सगळ्या शाखा मिळून दहा हजारांच्या आसपास, आणि त्यांतले बरेच अमेरिकेबाहेरचे. दोन्हींचं गणित वेगळं आहे.

अंधारातली_खुर्ची

अभिनेत्रीच्या बाबतीत मी तुमच्याशी भांडणार. 'द सबस्टन्स' मुबी या ओटीटीवर पाहिला. रक्त, मांस, तो शेवटचा धुमाकूळ, ते सगळं बाजूला ठेवते. मूर एका जुन्या वर्गमित्राला भेटायला तयार होते तो प्रसंग घ्या. लाल ड्रेस, मेकअप झालेला, निघता निघता तिची नजर खिडकीबाहेरच्या फलकावर जाते, त्यावर तिचंच तरुण रूप. ती परत आरशापाशी येते. गळा झाकते. निघते, पुन्हा परत. ओठ जास्त रंगवते. शेवटी सगळा रंग तळहाताने इतक्या जोरात फासते की बघणाऱ्याचा चेहरा दुखतो. आणि जातच नाही. एकही वाक्य नाही त्यात. पन्नाशी उलटलेल्या कुठल्याही बाईला तो प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

गोल्डन ग्लोब पुरस्कार घेताना मूर म्हणाली होती की पंचेचाळीसहून जास्त वर्षांच्या कामात अभिनयासाठी मिळालेला हा पहिला पुरस्कार. हे भाषण जानेवारीतलं, मतदानाच्या कितीतरी आधीचं. तेही मतदारांच्या डोक्यात असणारच. माझं मत मूर, आणि ते मन ओतून.

पिटातला_प्रेक्षक

तो प्रसंग वर्षातल्या सर्वोत्तम प्रसंगांपैकी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण अभिनयाच्या गटांत पसंतीक्रम नसतो. पाच जणींत जिला सर्वांत जास्त मतं, ती जिंकली, मग ती एकूण मतांच्या चौथ्या हिश्शाहून थोडीच जास्त का असेनात. 'द सबस्टन्स'चा भडकपणा सोसून शेवटपर्यंत न बसलेले मतदार मूरला मत कसं देणार? 'अनोरा' सगळ्यांनी पाहिलाय, चित्रपट म्हणून त्याला मत देताना हात अभिनेत्रीच्या रकान्यातही तिथेच जाणार.

गिरगावकर

सगळे अंदाज वाचले आणि राहून राहून एकच वाटतं, या यादीत छाया कदमचं काम कुठेतरी असायला हवं होतं. गेल्या वर्षी कान महोत्सवात ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळालेला 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' आणि आपण भारतातर्फे पाठवलेला 'लापता लेडीज', दोन्हींत ती आहे. पहिल्यात मुंबईतल्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात राबणारी रत्नागिरीची पार्वती. खोली स्वतःची आहे असं दाखवणारा कागद नाही म्हणून बिल्डर तिला हुसकावतो. रात्री ती आणि हॉस्पिटलातली तिची मैत्रीण प्रभा त्याच्या जाहिरातीच्या फलकावर दगड भिरकावतात तेव्हा मी खुर्चीत उठून बसलो. आमच्या भागात किती चाळी अशा गेल्या!

'लापता लेडीज' आंतरराष्ट्रीय गटाच्या पंधरा चित्रपटांच्या पहिल्या यादीतही आला नाही. हिंदी भाषेतला 'संतोष' आला, पण तो ब्रिटनकडून. एका देशाने एकच चित्रपट पाठवायचा या नियमाचा आपल्याला जेवढा फटका बसतो तेवढा क्वचितच कुणाला बसत असेल. 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', 'कोर्ट' हे मराठी सिनेमे भारतातर्फे गेले तेव्हाही शेवटच्या पाचांत कुणी पोचलं नाही. यंदा भारताशी नातं सांगणारी 'अनुजा' तेवढी लघुपटांत आहे, तिच्याकडे लक्ष ठेवा.

पिटातला_प्रेक्षक

'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'च्या पायल कपाडियाला दिग्दर्शनाचं ग्लोब नामांकन मिळालं तेव्हा मलाही आशा वाटली होती. अमेरिकेत प्रदर्शित झाल्यामुळे तो सिनेमा इतर गटांत पात्रही होता. फ्रान्सनेही त्याचा विचार केला होता, पण निवडला 'एमिलिया पेरेझ'. तुमची हळहळ अगदी रास्त आहे.

एडिसनवासी

आंतरराष्ट्रीयमध्ये डोळे झाकून ब्राझील लिहा. 'आय ॲम स्टिल हिअर' इथे थिएटरात पाहिला. 1971 मध्ये लष्करी राजवटीची माणसं माजी खासदार रुबेन्स पायवा यांना घरातून घेऊन जातात आणि ते परत येत नाहीत. पुढे एका मासिकाचा फोटोग्राफर बायको-मुलांचा फोटो काढायला येतो, त्याला चेहरे उदास हवे असतात. त्यांची बायको युनिस मुलांना सांगते, हसा. फर्नांडा टोरेस त्या एका शब्दात सगळं बसवते. माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या ब्राझीलच्या आजी तिथे मोठ्याने रडल्या. शेवटी म्हाताऱ्या युनिसच्या भूमिकेत टोरेसची सख्खी आई फर्नांडा मॉन्टेनेग्रो आहे. तिला 1999 मध्ये याच वॉल्टर सालेसच्या सिनेमासाठी नामांकन होतं.

आणि हिशेबाचं कारण: या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही नामांकन आहे. म्हणजे तो फक्त परभाषी सिनेमे बघणाऱ्यांपुरता राहिलेला नाही, सगळ्या शाखांनी पाहिलाय. पेरेझची घसरगुंडी झाली ती मतदानाच्या ऐन तोंडावर. ती मतं जाणार कुठे?

पिटातला_प्रेक्षक

पटलं. ब्राझील लिहितो. तुमच्या वर्णनावरून टोरेस अभिनेत्रीच्या गटात बरीच मतं खाईल असं दिसतंय. तिची मतं वयाने आणि अनुभवाने मोठी नटी शोधणाऱ्यांकडून येतील, म्हणजे मूरच्या वाट्यातून. माझं मॅडिसन कायम. सोमवारी 3 मार्चला पहाटे साडेपाचला सुरू होतंय, ज्यांना जमेल त्यांनी धाग्यावर या.